डोळे मिटू नका

सकाळी सहा

चक्करच्या पेशंटचे फोन भल्या सकाळी येतात. रात्रभर उशीवर टेकलेलं डोकं तेव्हा पहिल्यांदा उचललं जातं आणि आतल्या कानात सुटे झालेले स्फटिक जागचे हलतात. आजचा पहिला फोन पर्वतीच्या बाजूला राहणाऱ्या एका काकूंचा. "मॅडम, उठायला गेले आणि पंखा, कपाट, भिंत, सगळं गरकन फिरलं. हे म्हणताहेत बीपी वाढलं असेल."

किती वेळ फिरलं? पडून राहिल्यावर थांबलं का? बोलताना जीभ जड होतेय, एकाचे दोन दिसताहेत, हातापायातलं बळ गेलंय, असं काही? काकू म्हणाल्या, अर्ध्या मिनिटात थांबलं, पण उजव्या कुशीवर वळलं की पुन्हा तेच. बाकी काही नाही. काल काय केलंत, असं विचारल्यावर उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. माळ्यावरचे डबे काढले, पंखे पुसले, जळमटं काढली. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आमच्याकडे गर्दीचे असतात ते यामुळेच. मान मागे टाकून वर बघणं, पुन्हा खाली वाकणं, पुन्हा वर. सुटलेला स्फटिक नलिकेत घसरायला एवढं पुरतं.

"हलकं काही तरी खा, काकांना सोबत आणा, दहा वाजता या. आणि घरात चक्करची जुनी गोळी असेल तर तपासणी होईपर्यंत घेऊ नका."

गोळीने डोळ्यांची हालचाल दबते. मला तर तीच बघायची असते.

साडेआठ

टिळक रस्त्याच्या एका गल्लीत आमचं क्लिनिक आहे. सर कान-नाक-घसा तज्ज्ञ, मी ऑडिओलॉजिस्ट. पेशंटची ऐकण्याची चाचणी आणि तोलाची चाचणी माझ्याकडे, निदान आणि औषधं सरांकडे, व्यायाम पुन्हा माझ्याकडे. माझ्या खोलीत खिडकीला जाड काळा पडदा आहे, एक बुटका पलंग आहे आणि कॅमेरा बसवलेला एक बंदिस्त गॉगल. गॉगल घातला की पेशंटला फक्त काळोख दिसतो. आम्हाला मात्र पडद्यावर त्याची दोन्ही बुबुळं मोठी होऊन दिसतात. नजर कशावर तरी रोवली की डोळ्यांचे झटके लपतात, म्हणून हा काळोख.

लोकांना आश्चर्य वाटतं, कानाचा आजार आणि तपासता डोळे? डोकं उजवीकडे वळलं की डोळे तेवढेच डावीकडे वळतात, म्हणून चालताना, पायऱ्या उतरताना, स्कूटरवर खड्ड्यातून जाताना समोरचं जग स्थिर दिसतं. हा निरोप आतल्या कानाकडून डोळ्यांच्या स्नायूंकडे सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात पोचतो. कान चुकीचा निरोप देऊ लागला की डोळे तो मुकाट पाळतात. एका बाजूला हळू सरकतात, झटक्याने परत येतात. ते बघून कोणता कान, कोणती नलिका हे सांगता येतं.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी यांनी. पेशंटचे कान पाण्याने धुताना पाणी गार असेल तर डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम असेल तर उलट दिशेला, हे त्यांनी टिपलं. 1914 चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. मी आजही एका कानात 30 अंशांचं आणि मग 44 अंशांचं पाणी सोडते, ती त्यांचीच चाचणी. ज्याच्या कानात पाणी सोडायचं त्याला आधी सांगावं लागतं, की आता मिनिट-दीड मिनिट खोली फिरेल, मी मुद्दाम फिरवणार आहे.

दहा

काकू काकांचा हात घट्ट धरून आल्या. काकांच्या काखेत जाडजूड फाइल. दोन वर्षांपूर्वी असाच त्रास झाला होता. तेव्हा कुणी तरी मानेचा एक्स-रे काढून मणक्यांची झीज सांगितली, पट्टा दिला, गोळ्या दिल्या. पट्टा काकूंनी चार महिने वापरला. साठीच्या माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला तर झीज दिसणारच. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळे, असं होत नाही. मानेचा पट्टा लावून आलेले पेशंट बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण पट्ट्याने डोकं हलायचं थांबतं, तात्पुरतं बरं वाटतं, आणि खरं कारण कानात तसंच बसून राहतं.

"काकू, मी तुम्हाला पलंगावर पटकन आडवं करणार. मान उजवीकडे वळलेली आणि डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं. फिरेल. मी धरलंय, तुम्ही पडणार नाही. काहीही झालं तरी डोळे मिटू नका."

दिवसभरात हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा म्हणते. गरगरायला लागलं की माणूस आधी डोळे मिटतो आणि माझ्यासमोरचा पुरावा बंद होतो.

मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी 1952 मध्ये लिहून ठेवलेली ही चाचणी. काकू आडव्या झाल्या. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर बुबुळं फिरू लागली, कपाळाच्या दिशेने झटके आणि सोबत वर्तुळाकार वळण. काकूंनी माझा दंड आवळला. "अगं आई गं!" झटके वाढले, मंदावले, वीसेक सेकंदांत थांबले. उजव्या कानाची मागची अर्धवर्तुळाकार नलिका. सरांना हाक मारली, त्यांनी पडद्यावरची नोंद पाहून मान डोलावली.

आतल्या कानातल्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकटलेले असतात. गुरुत्वाची जाणीव त्यांच्यामुळे होते. वयाने, डोक्याला मार लागून, कधी कानाच्या दुसऱ्या आजाराने, पुष्कळदा काहीच कारण न सापडता ते सुटतात आणि शेजारच्या नलिकेत शिरतात. नलिकेत द्रव असतो. डोकं हललं की स्फटिक त्यातून गडगडतात, द्रव ओढला जातो, आणि डोकं थांबलं तरी मेंदूला ते फिरत असल्याचा निरोप जात राहतो. बायकांमध्ये आणि पन्नाशीनंतर हे जास्त दिसतं.

उपाय औषधात नाही, कारण कुठलीही गोळी नलिकेतला खडा हलवू शकत नाही. खडा जिथून आला तिथे त्याला फिरवून न्यायचा. लोंबतं डोकं उजवीकडून हळूच डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग त्याच बाजूने उठवून बसवायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबायचं. अमेरिकेत ऑरेगन राज्यातले डॉक्टर जॉन एपली यांनी ही पद्धत बसवली. 1980 च्या सुमारास ते ती दाखवू लागले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना हसण्यावारी नेलं. रीतसर शोधनिबंध 1992 मध्ये आला. आज जगभर हीच पहिली पायरी आहे, आणि बहुतेकांना एक-दोन वेळांतच बरं वाटतं.

दहा मिनिटांनी काकूंना पुन्हा त्याच कुशीवर आडवं केलं. पडद्यावर बुबुळं शांत. काकू छताकडे बघत राहिल्या. "झालं?" काका म्हणाले, "गोळी?" गोळी नाही. पट्टा नाही. पूर्वी दोन रात्री बसून झोपायला सांगत, त्याचीही गरज नाही असं आता स्पष्ट झालंय. सरांनी फक्त ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली, कारण ते कमी असेल तर हा त्रास उलटण्याची शक्यता वाढते. आणि हो, पुन्हा होऊ शकतं. झालं तर घाबरायचं नाही, यायचं. हे न सांगता पेशंटला घरी पाठवलं तर दुसऱ्या खेपेला तो पुन्हा मानेच्या एक्स-रेपासून सुरुवात करतो.

साडेअकरा

लातूरकडचा गवंडी, चाळिशीच्या आत, हिंजवडीच्या एका साइटवर कामाला. सोबत भाऊ. दोन महिन्यांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेला आणि मग एका सकाळी उठताच येईना. तीन दिवस उलट्या, सलाइन. "आता तसं गरगरत न्हाई मॅडम. पण परांचीवर उभं ऱ्हायलं की डोकं हलकं पडतंय. मान झटकन वळवली की समोरचं हालतंय."

त्याला माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून अचानक थोडंसं वळवलं. डावीकडे वळवलं तर नजर नाकावरच. उजवीकडे वळवलं की डोळे डोक्यासोबत वाहवत गेले आणि मग उडी मारून परत नाकावर आले. सिडनीच्या हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी 1988 मध्ये मांडलेल्या या चाचणीला यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात. उजव्या कानाची तोलाची नस सुजून कमकुवत झाली होती.

मी कानाचं चित्र दाखवून समजावत होते, तर त्याने मला थांबवलं. "म्हंजे पाणसळच की. एक बाजूची पाणसळ खराब, दुसरी बरी. मेळ लागंना." इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढे मीच त्याचा धागा धरला. पाणसळ बदलता येत नाही. पण मिस्त्री हुशार असेल तर एका बरोबर पाणसळीवर, डोळ्यांवर आणि पायाखालच्या अंदाजावर भिंत ओळंब्यात उभी करायला शिकतो. मेंदू तसाच शिकतो. अट एकच, त्याला चूक दिसली पाहिजे. डोकं हललं, समोरचं दृश्य सरकलं, म्हणजे चूक झाली. ही चूक पुन्हा पुन्हा मिळाली तरच मेंदू हिशेब दुरुस्त करतो.

आणि या माणसाला दोन महिने दिवसातून तीनदा चक्कर दाबणारी गोळी चालू होती. पहिले दोन-तीन दिवस, उलट्या थांबत नसताना, ती गोळी हवीच. त्यानंतर ती मेंदूचं शिकणंच दाबते. वयस्कर माणसांत सिनारिझिनसारखी औषधं महिनोन्महिने चालली तर हात थरथरणं, चाल मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणंही येतात. आपल्याकडे हे औषध एकदा सुरू झालं की बंद कधी करायचं ते कागदावर लिहिलेलं नसतं. दुकानदार जुनी चिठ्ठी बघून देत राहतो, पेशंट घेत राहतो. मला यात कुणा एकाला धरायचं नाही, पण चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहायला किती शाई लागते?

सरांनी गोळी बंद करायचं ठरवून दिलं. मी व्यायाम शिकवले. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर अंगठ्यावर, मान डावी-उजवी, अंगठा पुसट दिसू लागेल इतक्या वेगाने नाही पण त्याच्या जवळपास. दिवसातून चार-पाच वेळा, एक-दीड मिनिट. मग उभं राहून तेच. मग गादीवर उभं राहून. मग चालत. पहिले काही दिवस मळमळेल. मळमळलं म्हणजे व्यायाम लागू पडतोय.

"आन् काम?" भावाने विचारलं. परांची सध्या नाही. जमिनीवरचं काम चालेल. "मुकादम ऐकंल का?" त्याला चिठ्ठी देईन म्हटलं.

पाऊण

फोन. कोथरूडहून एक मुलगा बोलतोय, सकाळी दहापासून बाबांना सतत चक्कर येतेय, मान जोरात दुखतेय, आधाराशिवाय बसता येत नाही, शब्द अडखळताहेत. अपॉइंटमेंट आज मिळेल का? नाही, माझ्याकडे यायचंच नाही. मेंदूविकाराची सोय आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आत्ता न्या. 108 ला फोन करा, किंवा गाडी असेल तर निघाच. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात अगदी कानाच्या चक्करसारखा भासतो, आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासच हातात असतात. त्यातले पावणेतीन गेलेले होते. दोन वाजता मुलाचा मेसेज आला, दाखल केलं.

दीड

डबा. सरांनी एका पेशंटची चर्चा काढली. निवृत्त प्राध्यापिका, दर दोन-तीन आठवड्यांनी तास-दोन तास फिरणं, त्याआधी कान भरल्यासारखा होणं, आत घुंई आवाज, आणि आलेखावर खालच्या सुरांचं ऐकणं घसरलेलं. मेनिएर. 1861 मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी अशी चक्कर कानातून येते असं पहिल्यांदा ठामपणे सांगितलं. तोवर ती मेंदूत रक्त साचल्याने येते असं समजून पेशंटचं रक्त काढत. बाईंना मीठ कमी करायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, भाजीत मी घालतच नाही. मग कळलं की रोज दोन्ही वेळा पापड आणि लिंबाचं लोणचं.

अडीच

आयटीतली तरुणी, पडद्यावर पान भरभर सरकवलं की डोकं डोलतं, मेट्रो स्टेशनात शिरते तेव्हा प्लॅटफॉर्म हलल्यासारखा वाटतो. कानाच्या सगळ्या चाचण्या व्यवस्थित. पण शाळेपासून अर्धशिशी आहे, आईलाही होती. अर्धशिशी डोकं न दुखताही नुसत्या चक्करच्या रूपात येते, याचे निकष 2012 मध्ये ठरले. झोप, जेवणाच्या वेळा आणि पाळीच्या तारखांची वही ठेवायला सांगून तिला सरांकडे पाठवलं.

साडेतीन

हे काका आले की मी पुढची वेळ मोकळी ठेवते. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त. 2010 च्या सुमारास त्यांना क्षयरोग उलटला. तेव्हाच्या सरकारी कार्यक्रमात अशा पेशंटना पहिले दोन महिने इतर गोळ्यांसोबत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली जात. क्षय बरा झाला. पण दोन्ही आतल्या कानांची तोलाची जाणीव गेली. ऐकायला जवळपास सगळं येतं, म्हणून कित्येक वर्षं कुणाला कानाचा संशयच आला नाही.

त्यांना गरगरत नाही. दोन्ही कान सारखेच गप्प असल्यामुळे मेंदूला फिरण्याचा खोटा निरोपही मिळत नाही. मात्र चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारतात. थांबल्याशिवाय वाचता येत नाहीत. समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही, आणि सोसायटीत लोक म्हणतात, काका हल्ली ओळख दाखवत नाहीत. आंघोळ करताना चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की भिंतीला हात टेकावा लागतो. रात्री वीज गेली की ते जिथे असतील तिथेच बसतात. चाल फाकलेली, म्हणून एकदा बसमध्ये कुणी तरी दारू प्यायलाय म्हणून त्यांना बाजूला सारलं. हे सांगताना ते खाली बघत होते.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना सापडलं. क्षयरोगावरचं ते पहिलं खरं औषध, आणि त्याने किती लोकांना जगवलं याला मोजदाद नाही. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही ते तयार होत असे. 1954 मध्ये स्थापन झालेला हा सरकारी कारखाना आधी पेनिसिलिनसाठी उभा राहिला. काका त्या कारखान्याच्या भिंतीशेजारून वर्षानुवर्षं सायकलने कामाला गेले. औषधाबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नाही. "मॅडम, त्यानं जीव वाचवला." मलाही ते औषध दोषी वाटत नाही. मला राग येतो तो याचा, की ही इंजेक्शनं चालू असताना आठवड्यातून एकदा पेशंटला डोळे मिटून उभं करून बघायची रीत नव्हती. त्याला मिनिटभर लागतं, यंत्र लागत नाही.

1952 मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने, ज्याला स्वतःला हे औषध देऊन असाच त्रास झाला, आपला अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. अंथरुणात वाचताना नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरं हलत, म्हणून तो पलंगाच्या गजांमध्ये डोकं अडकवून धरायचा. मी काकांना हे सांगितलं होतं, तर ते लगेच म्हणाले, "मी पेपर वाचताना हनुवटी टेबलावर टेकवतो." त्यांना वाटत होतं, असं करणारे जगात आपण एकटेच.

आज भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मान हलवत वाचायची चाचणी घेतली. मागच्या खेपेपेक्षा एक ओळ खाली गेले. नस परत येणार नाही, पण डोळे आणि पाय यांच्यावर भार टाकायला मेंदू सत्तरीतही शिकतोय. घरी संडासच्या वाटेवर रात्रभर जळणारे छोटे दिवे लावलेत, न्हाणीत धरायला दांडा बसवलाय, चालताना काठी आहे. काठी आधारापेक्षा जास्त जमिनीची खबर हातापर्यंत पोचवायला. एका गोष्टीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऐकू येणं गेलं तर त्यात जागा आहे. त्याच कानाने तोल गेला तर त्याच्या नावाचा रकाना नाही. काकांना प्रमाणपत्र हवंय ते सवलतीसाठी नाही. बसमध्ये कुणी पुन्हा तसं म्हटलं तर दाखवायला.

साडेपाच

बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावून व्यायामाचा वर्ग. स्पंजच्या जाड तुकड्यावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं ठेवत चालणं, चालताना डावी-उजवीकडच्या चिठ्ठ्या वाचणं. एक आजी शवासनात गरगरतं म्हणून वीस वर्षांचा योगवर्ग सोडून बसल्या होत्या. स्फटिक कधीच जागेवर गेलेत, राहिलीय ती भीती. त्यांना आज पलंगावर स्वतःहून उताणं व्हायला लावलं. झाल्या. पुन्हा एकदा झाल्या, यावेळी पटकन.

शेवटच्या टप्प्यातल्या लोकांना मी तुळशीबागेत पाठवते. दोन्ही बाजूंनी माणसं, वर लटकलेल्या माळा आणि ओढण्या, खाली बघावं तर बांगड्यांचे ढीग, एवढी सरकती दृश्यं कुठल्याही यंत्रात मिळणार नाहीत. आधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, मग संध्याकाळी. दिवाळीच्या आठवड्यात गेलात तर तुम्ही पास. एक ताई आज सांगत आल्या, की त्या लक्ष्मी रस्त्यापर्यंत गेल्या, डोकं डोलायला लागलं तर एका ओट्यावर थोडं टेकल्या आणि तिथून पुढे आत जाऊन पणत्या घेऊनच परतल्या. परत घरी पळाल्या नाहीत, हे मला फार आवडलं. वर्गातल्या बाकीच्यांना त्यांनीच पणत्यांचा भाव सांगितला.

साडेसात

कागद. गवंड्याच्या गावाकडच्या डॉक्टरांना, गोळी का बंद केली आणि चक्कर पुन्हा सतत सुरू झाली तर काय बघायचं याचं पत्र. मग मुकादमाला मराठीत, मोठ्या अक्षरात: या कामगाराच्या कानाच्या नसेचा आजार बरा होत आहे. हा आजार संसर्गजन्य नाही, व्यसनामुळे झालेला नाही. परांची, शिडी, लिफ्टच्या खड्ड्याजवळचं आणि अंधारातलं काम तीन आठवडे देऊ नये. जमिनीवरचं बांधकाम, वाळू चाळणं, माल भरणं करू शकतो. दिवसातून चार-पाच वेळा दोन मिनिटं व्यायामासाठी थांबेल, त्यासाठी रोज कापू नये. खाली सरांची सही, शिक्का आणि पुन्हा तपासणीची तारीख. वरती क्लिनिकचा फोन नंबर पेनाने गोल केला, म्हणजे शंका आली तर मुकादमाने सरळ मला विचारावं.